सोसायटीत मतदार मदत गट काढताय? बॅनर राहू द्या, आधी बीएलओला गेटच्या आत घ्या

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की ठाण्यात घोडबंदर रोडला चारशेच्या वर फ्लॅटची सोसायटी, मागच्या निवडणुकीला बऱ्याच जणांना केंद्रावर गेल्यावर कळलं की यादीत नावच नाही, आता कमिटीने तुम्हा चौघांवर काम टाकलंय, तर सुरुवात कुठून करायची, वयस्कर मंडळींचं काय करायचं आणि उमेदवारांना सोसायटीत बोलवायचं का. मी महापालिकेच्या शाळेत मास्तर होतो, नोकरीत असताना बीएलओचं, म्हणजे आपल्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं, काम केलं, केंद्राध्यक्ष म्हणून बसलो, आणि रिटायर झाल्यापासून आजूबाजूच्या सोसायट्यांना याच कामात मदत करतो. त्यामुळे जरा लांबण लागणारे, सवडीने वाचा.

पहिली गोष्ट, रांगोळी, बॅनर, सेल्फी पॉइंट वगैरे जे काही डोक्यात असेल ते सगळं बाजूला ठेवा. शहरातली माणसं मतदान करत नाहीत कारण ती आळशी आहेत असं टीव्हीवर दर वेळी सांगतात, मला ते निम्मंच खरं वाटतं. उरलेलं निम्मं यादीत आहे. सोडून गेलेला भाडेकरू यादीत तसाच, वारलेले आजोबा यादीत तसेच, लग्न होऊन गेलेली मुलगी दोन्हीकडे, आणि तीन वर्षांपूर्वी राहायला आलेलं कुटुंब कुठेच नाही. मग टक्केवारी काढताना खाली भागायला हे सगळे धरले जातात आणि वरती मात्र खऱ्या राहणाऱ्या माणसांचीच मतं. त्यामुळे तुमच्या गटाचं खरं काम निवडणूक जाहीर व्हायच्या आधीचं आहे, आणि ते कंटाळवाणं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आता शीर्षकात लिहिलंय त्याबद्दल. फॉर्म ऑनलाइन भरला की काम झालं असं लोकांना वाटतं. तसं नाहीये. फॉर्म भरल्यावर तो तुमच्या भागाच्या बीएलओकडे पडताळणीला जातो, ती बाई किंवा तो माणूस घरी येऊन बघतो की खरंच इथे राहता का. हे बीएलओ कोण असतात तर शाळेतले शिक्षक, अंगणवाडी सेविका, पालिकेतले क्लार्क, आपली नोकरी सांभाळून हे करतात, मानधन वर्षाला कमीत कमी सहा हजार होतं ते निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये बारा हजार केलं. आणि ही बाई संध्याकाळी शाळा सुटल्यावर तुमच्या गेटवर येते तेव्हा वॉचमन विचारतो कुठल्या फ्लॅटला, अ‍ॅपवर रिक्वेस्ट टाकतो, फ्लॅटवाला ऑफिसात असतो, अनोळखी नाव बघून रिजेक्ट करतो. बाई परत. दोन-तीन खेपा अशा झाल्या की पत्त्यावर आढळले नाहीत असा शेरा पडतो आणि फॉर्म नामंजूर. मग तो फ्लॅटवाला ग्रुपवर लिहितो की सिस्टिम बेकार आहे. मी स्वतः अशा गेटवर उभा राहिलोय, म्हणून सांगतो.

तर तुमचं पहिलं काम हे, की तुमच्या बिल्डिंगांचा बीएलओ कोण ते शोधा. १९५० नंबरवर फोन करा किंवा आयोगाच्या मतदार पोर्टलवर स्वतःचं नाव शोधलं की त्याच पानावर बीएलओचं नाव येतं. सोसायटी मोठी असेल तर दोन बीएलओंमध्ये वाटलेली असू शकते, ए ते डी विंग एकाकडे आणि पुढच्या दुसऱ्याकडे. त्यांना फोन करून रविवारची वेळ ठरवा, क्लब हाउसमध्ये टेबल-खुर्ची द्या, प्यायला पाणी द्या, गेटवर त्यांचं नाव आणि ओळखपत्राचा फोटो देऊन ठेवा की यांना अडवायचं नाही. एवढं केलंत तरी मागच्या वेळचा निम्मा गोंधळ आपोआप कमी होईल, खरंच.

दुसरं काम यादी. पोर्टलवर तुमच्या विधानसभा मतदारसंघाच्या याद्या भागाप्रमाणे मिळतात. तुमचा रोड बहुतेक ओवळा-माजिवड्यात येतो पण हद्दी विचित्र असतात, तपासून घ्या. तुमच्या भागाची पीडीएफ उतरवा आणि प्रिंट काढा. प्रिंट म्हणतोय कारण त्या पीडीएफमध्ये पानं चित्रासारखी असतात, नाव टाइप करून सर्च केलं तर सापडत नाही. मग चौघांनी बसून आपल्या सोसायटीच्या नोंदींवर पेन्सिलने खुणा करायच्या: राहतात, सोडून गेले, वारले, माहीत नाही. घर क्रमांकाच्या रकान्यावर फार विश्वास ठेवू नका, तिथे कधी फ्लॅट नंबर असतो, कधी प्लॉट नंबर, कधी नुसती रेघ. आणि नावावर वगळल्याचा शिक्का असेल तर बाजूला इंग्रजी अक्षर असतं, ई म्हणजे मयत, एस म्हणजे स्थलांतरित, आर म्हणजे दुबार. जिवंत माणसाच्या नावापुढे ई दिसला तर हसू नका, त्याला लगेच सांगा, कारण त्याला नव्याने नोंदणी करावी लागेल आणि तेवढा वेळ हातात हवा.

नाव सापडत नाही म्हणणाऱ्यांतले बरेच जण खरं तर यादीत असतात, फक्त स्पेलिंगने मार खाल्लेला असतो. इंग्रजीतून मराठी करताना कॉम्प्युटर काय करेल सांगता येत नाही, साठेचं साथे होतं, काणेचं काने होतं, बायकांची नावं माहेरच्या आडनावाने असतात. म्हणून नावाने शोधण्यापेक्षा कार्डावरच्या नंबराने शोधा, तीन अक्षरं आणि सात आकडे असतात तो. नंबर नसेल तर शेवटचा उपाय म्हणजे प्रिंट घेऊन ओळ न् ओळ वाचणे, यात आजीलोक फार उपयोगी पडतात, त्यांना कोण कुठे राहायचं ते पाठ असतं.

आणि एक गोष्ट लोकांच्या डोक्यात काही केल्या जात नाही, की कार्ड असलं म्हणजे मत आहे असं नाही. वेटिंगचं तिकीट खिशात असलं म्हणून बर्थ मिळत नाही, चार्टात नाव लागतं, तसंच आहे हे. उलट बाजूने, कार्ड हरवलं असेल पण यादीत नाव असेल तर काही बिघडत नाही, आधार, पॅन, पासपोर्ट, लायसन्स, फोटोवालं बँकेचं पासबुक, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, मनरेगाचं जॉब कार्ड, दिव्यांगांचं यूडीआयडी असे बारा पर्याय आहेत. फक्त घरोघरी वाटतात ती मतदार चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही, २०१९ पासून बंद केलंय, ती नुसती भाग क्रमांक आणि अनुक्रमांक कळायला. पक्षाच्या टेबलावर मिळणारी चिठ्ठी तर अजिबातच नाही.

आता फॉर्म कुठला भरायचा, यात घोळ जास्त होतो. ज्याचं नाव देशात कुठेच नाही त्याने सहा नंबर. ज्याचं नाव दुसरीकडे आहे, पुण्यात, नाशकात, अगदी तुमच्याच रोडवरच्या जुन्या बिल्डिंगीत, त्याने आठ नंबर. पत्ता बदल, नावातली दुरुस्ती, हरवलेल्या कार्डाची दुसरी प्रत, दिव्यांग म्हणून नोंद, सगळं आता आठ नंबरमध्येच आहे. लोक काय करतात, नवीन घर म्हणून परत सहा नंबर भरतात, त्यात लिहून देतात की माझं नाव आधी कुठेही नव्हतं, आणि मग दोन कार्डं दोन नंबर होतात. ते खोटं निवेदन ठरतं, १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. सहसा कोणी मुद्दाम करत नाही पण तुमचा गट फॉर्म भरून देत असेल तर पहिला प्रश्न हाच विचारायचा, याआधी कधी कुठे मतदान केलंय का. आठ नंबरने गेलं की कार्डाचा नंबर तोच राहतो आणि जुन्या जागचं नाव निघून इकडे येतं.

सात नंबर हा नाव वगळण्याचा. यात तुमच्या गटाने हात घालू नका असा माझा स्पष्ट सल्ला आहे. वारलेल्या माणसाचा त्याच्या घरच्यांनी मृत्यूच्या दाखल्यासह भरावा, तुम्ही आठवण करून द्या, बस. सोडून गेलेल्या भाडेकरूंची यादी करून गठ्ठ्याने सात नंबर टाकायला निघालात तर उद्या कोणीतरी म्हणेल की अमुक समाजाची, अमुक पक्षाची नावं उडवली, आणि तुम्हाला उत्तर देता येणार नाही. पेन्सिलने खुणा केलेली तुमची यादी बीएलओला दाखवा, पुढचं नोटीस-सुनावणी हे त्यांचं काम. एकूणच गठ्ठ्याने फॉर्म कोणी घेत नाही, एका कुटुंबातले एकत्र दिले तर चालतात. आणि लोकांचे आधारचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागवू नका प्लीज, ज्याने त्याने आपल्या मोबाइलवरून भरावा, तुम्ही शेजारी बसून मदत करा.

सगळ्यात जास्त वेळ भाडेकरूंवर घालवा. तुमच्यासारख्या सोसायटीत हाच सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दुर्लक्षित गट असतो. मालकांना उगाच भीती असते की भाडेकरूचं मतदार कार्ड या पत्त्यावर झालं की उद्या तो फ्लॅटवर हक्क सांगेल. असं काही होत नाही. यादीत नाव येण्यासाठी माणूस तिथे साधारणपणे राहतो एवढंच बघतात, मालकीशी त्याचा संबंध नाही, आणि उलटही तेच, नुसता फ्लॅट नावावर आहे पण राहता दुसरीकडे तर त्या फ्लॅटच्या पत्त्यावर मत मिळत नाही. पत्त्याच्या पुराव्याला रजिस्टर केलेलं लीव्ह अँड लायसन्स चालतं, आधारवर इथला पत्ता असेल तर तो चालतो, बँकेचं पासबुक चालतं. हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये मालकांसमोर एकदा बोलून टाका, म्हणजे पुढे कटकट नाही.

मग येतात गावाकडे मत ठेवणारे. ठाण्यात कोकणातले, सातारा-सांगलीकडचे, खानदेशातले कितीतरी लोक आहेत ज्यांचं मत गावी आहे, सरपंचाच्या निवडणुकीला एसटी भरून जातात. यांना टोमणे मारू नका. पण एक गोष्ट नीट समजावून सांगा, की ग्रामपंचायतीला गावी आणि विधानसभेला ठाण्यात असं करता येत नाही, कारण यादी मुळात एकच आहे. आपल्याकडे ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, महापालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो पण यादी तो वेगळी बनवत नाही, विधानसभेचीच यादी घेऊन तिचे प्रभागाप्रमाणे तुकडे करतो. म्हणजे नाव एकाच ठिकाणी राहणार आणि तिथल्याच सगळ्या निवडणुकांना चालणार. कायद्याने जिथे प्रत्यक्ष राहता तिथेच नाव हवं, गावात वडिलोपार्जित घर आहे एवढं पुरत नाही. कुठे राहता आणि पाणी, रस्ते, कचरा कोणाचा वापरता याचा विचार करून ठरवा म्हणावं, बाकी जबरदस्ती नको.

पोरांचं सोपं आहे. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण असेल तरच, नाहीतर वर्ष गेलं. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत आणि सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो. बारावीच्या पोरांना एकदा बसवा आणि तिथल्या तिथे भरून घ्या. हॉस्टेलला राहणाऱ्यांनी आईवडिलांकडे ठेवायचं की कॉलेजच्या गावी हे त्यांनी ठरवायचं, दोन्ही चालतं, कॉलेजच्या गावी हवं असेल तर कॉलेजकडून राहत असल्याचा दाखला लागतो. परदेशात गेलेल्यांचं विचाराल तर, भारतीय पासपोर्ट असेल तर सहा-अ नंबरचा फॉर्म आहे, पासपोर्टवरच्या पत्त्याच्या यादीत नाव येतं, पण मत द्यायला विमानाने इथेच यावं लागतं, तेही मूळ पासपोर्ट घेऊन. ऑनलाइन मतदान नाही. अमेरिकेतला मुलगा घरबसल्या मत देईल असं कोणी सांगत असेल तर ते खोटं.

तारखांचं गणित मात्र पक्कं डोक्यात ठेवा. लोकसभा-विधानसभेला उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत नाव घालता येत नाही, आणि फॉर्मवर हरकतींसाठी आठवडाभर द्यावाच लागतो, म्हणजे त्या तारखेच्या दहा दिवस आधीपर्यंत अर्ज गेला नसेल तर विसरा. निवडणूक जाहीर झाल्यावर जागे होणाऱ्यांकडे जेमतेम आठवडा असतो. महापालिकेला तर तेवढाही नसतो. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांना १ जुलै २०२५ ची विधानसभा यादी धरली होती, म्हणजे ज्याने गणपतीत फॉर्म भरला त्याचं कार्ड आलं, पोर्टलवर नाव दिसलं, आणि प्रभागाच्या यादीत मात्र नाही. लोक भांडायला आले, पण त्या टप्प्यावर राज्य आयोग नवीन नाव घालतही नाही आणि काढतही नाही. प्रारूप म्हणजे कच्च्या यादीवर हरकत घेता येते ती चुकीच्या प्रभागात नाव गेलं, लेखनिकाची चूक झाली, विधानसभा यादीत नाव होतं पण इथे गळलं, असल्याच गोष्टींवर. तेव्हा प्रभागनिहाय प्रारूप यादी लागली की तुमच्या चौघांपैकी एकाने ती बघायचीच, कारण अख्खी विंग शेजारच्या प्रभागात ढकलली जाण्याचे प्रकार होतात आणि त्याला हरकतीसाठी मोजके दिवस मिळतात.

विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे मतदार यादीची घरोघर फेरतपासणी, हा शब्द हल्ली सारखा ऐकत असाल, बिहारमध्ये २०२५ ला झालं आणि मग त्याच वर्षाच्या शेवटी गोव्यासकट बारा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत सुरू केलं. त्यात बीएलओ घरोघरी छापील फॉर्म देतो आणि तो सही करून परत दिला नाही तर प्रारूप यादीत नाव येत नाही, म्हणजे आधी नाव होतं हे पुरेसं नाही. ज्या सोसायटीत बीएलओला गेटवरून परत पाठवतात तिथे अशा मोहिमेत काय होईल याची कल्पना करा. म्हणून म्हणतो, ओळख आत्ताच करून ठेवा.

वयस्कर मंडळी. पंच्याऐंशी आणि त्यावरचे, तसंच ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असलेले, यांना लोकसभा-विधानसभेला घरून मतदानाची सोय आहे. आधी ऐंशी होतं, मार्च २०२४ पासून पंच्याऐंशी केलं. फॉर्म बारा-ड, बीएलओच घरी आणून देतो, पण निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांतच परत द्यावा लागतो, आणि हे पाच दिवस कोणाच्या लक्षातच येत नाहीत. म्हणून पंच्याऐंशीच्या पुढच्यांची यादी आधीच करून ठेवा, यादीतलं वय बघा, कारण आजी नव्वदच्या असल्या तरी यादीत ऐंशी लिहिलं असेल तर अडचण, ते आठ नंबरने आधी दुरुस्त करायचं. टीम घरी येते, दोन मतदान कर्मचारी, व्हिडिओवाला, पोलीस, मतपत्रिका कागदाची असते आणि खूण करताना शूटिंग करत नाहीत. सुनेने, मुलाने शेजारी उभं राहून आई इथे कर म्हणायचं नसतं, आणि नेमकं तेच सगळ्या घरांत होतं, तेव्हा घरच्यांना आधी समज द्या. एकदा बारा-ड मंजूर झाला की मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, त्यामुळे ज्यांना दोन पावलं चालवत असेल आणि केंद्रावर जायची हौस असेल त्यांनी तो भरूच नये. बऱ्याच आजोबांना ती हौस असते, बोटाला शाई लावून खाली बाकावर बसायचं असतं त्यांना. ही घरून मतदानाची सोय महापालिकेला मात्र गृहीत धरू नका.

पंच्याऐंशीच्या आतले पण गुडघे गेलेले, त्यांच्यासाठी केंद्रावर व्हीलचेअर आणि रॅम्प असायला हवा, आदल्या दिवशी कोणीतरी जाऊन बघून या की खोली तळमजल्याला आहे ना. दृष्टी नसेल किंवा बटण दाबता येत नसेल तर सोबतीला अठरा वर्षांपुढचा एक माणूस नेता येतो, पण एक माणूस त्या दिवशी एकाचाच सोबती होऊ शकतो, त्यामुळे तुमच्यातला कोणी एकजण सगळ्या आजींना आत घेऊन जाईल असं चालणार नाही. गाड्यांची सोय सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करा. उमेदवाराने गाडी पाठवली तर घेऊ नका, मतदारांना फुकट ने-आण करणं हा उमेदवाराच्या बाबतीत भ्रष्ट आचार धरला जातो, आणि तुमच्या निष्पक्षपणाचे तीनतेरा वाजतात ते वेगळंच.

केंद्र बदललंय का तेही बघा. एका केंद्रावर आधी दीड हजारापर्यंत मतदार असायचे, आयोगाने २०२५ मध्ये ते बाराशेवर आणायचं ठरवलंय, त्यामुळे जुनी केंद्रं फोडून नवीन होतात आणि एकाच घरातले नवरा-बायको वेगवेगळ्या खोल्यांत जातात. आदल्या संध्याकाळी प्रत्येक विंगच्या नोटीस बोर्डावर फ्लॅटप्रमाणे केंद्र, खोली आणि अनुक्रमांक लावा. याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो, रांगेत पहिला कर्मचारी अनुक्रमांकच विचारतो आणि तो असला की माणूस अर्ध्या मिनिटात पुढे सरकतो.

केंद्रावर मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून मोबाइलमधलं आधार दाखवतो म्हणणाऱ्यांना घरूनच परत पाठवा, कार्ड हातात हवं. आत गेल्यावर पहिला कर्मचारी नाव पुकारतो, पोलिंग एजंट, म्हणजे उमेदवारांची माणसं, आपापल्या यादीत खूण करतात, दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो आणि रजिस्टरवर सही घेऊन चिठ्ठी देतो, तिसरा चिठ्ठी घेऊन मशीन सुरू करतो. हिरवा दिवा दिसला की उमेदवारासमोरचं निळं बटण, लाल दिवा लागतो, शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला गेलं त्याची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि मग लांब बीप. सात सेकंद थांबून बघा म्हणावं, लोक बटण दाबून पळतात आणि बाहेर येऊन म्हणतात चिठ्ठी दिसलीच नाही.

महापालिकेचं वेगळं आहे आणि यावर एक सरावाची संध्याकाळ ठेवाच. तिथे व्हीव्हीपॅट नसतं. आणि मुंबई सोडली तर पॅनेल पद्धत, ठाण्यात १३१ नगरसेवक ३३ प्रभागांतून, एक प्रभाग सोडला तर सगळे चार जणांचे, म्हणजे एका मतदाराला चार मतं द्यायची, अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेला एक. एका जागेचं बटण दाबून लोक निघतात, चारही जागांचं झाल्याशिवाय मशीनचा शेवटचा आवाज येत नाही, मग केंद्राध्यक्ष परत बोलावतो, मागे रांग तुंबते. एखाद्या जागेला कोणीच पसंत नसेल तर त्या जागेचा नोटा दाबायचा, रिकामं सोडायचं नाही. चार जागांना चार वेगळ्या पक्षांची माणसं निवडली तरी चालतात, हे सुद्धा कितीतरी सुशिक्षित लोकांना माहीत नसतं. चार कागदांवर काल्पनिक नावं आणि चिन्हं छापून, आंबा, पतंग, शिट्टी काहीही, क्लब हाउसात लोकांना करून बघू द्या. फक्त ती चिन्हं तुमच्या प्रभागात कोणाला मिळालेली नाहीत ना ते तपासा, नाहीतर प्रचार केला म्हणून तक्रार यायची.

त्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरेल, २०१९ पासून दर निवडणुकीला फिरतो. की यादीत नाव नसेल तर आधार दाखवून चॅलेंज व्होट मागा, आणि टेंडर व्होट चौदा टक्क्यांवर गेली तर फेरमतदान होतं. दोन्ही खोटं. यादीत नाव नसेल तर केंद्राध्यक्ष काहीही करू शकत नाही, मी त्या खुर्चीत बसून लोकांच्या शिव्या खाल्ल्यात. चॅलेंज म्हणजे आक्षेपित मत हे पोलिंग एजंटने दोन रुपये भरून मतदाराच्या ओळखीवर हरकत घ्यायचं प्रकरण आहे. टेंडर म्हणजे प्रदत्त मत, ते खरं आहे पण वेगळ्या कारणासाठी, तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल आणि तुम्ही ओळख पटवलीत तर तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते, ती पाकिटात वेगळी ठेवतात आणि साध्या मोजणीत धरत नाहीत. तरी मागायची, सोडून द्यायची नाही, कारण नोंद राहते. आणि एक, केंद्राध्यक्षाकडे गैरहजर, स्थलांतरित, मयत अशी एक वेगळी यादी असते, तिच्यात चुकून तुमचं नाव असलं तरी मतदार यादीत नाव शाबूत असेल तर ओळखपत्र तपासून, सही आणि अंगठा घेऊन मत देऊ द्यावंच लागतं. शांतपणे बोला, केंद्राध्यक्ष पहाटे चारपासून जागा असतो.

वेळ संपायच्या क्षणी जे रांगेत असतील त्या सगळ्यांना मत देता येतं, आम्ही रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे अशा चिठ्ठ्या वाटत येतो म्हणजे मागून कोणी घुसत नाही. विधानसभेला २०२४ ला सहापर्यंत वेळ होती, महापालिकेला जानेवारी २०२६ मध्ये साडेपाचपर्यंतच, हा अर्ध्या तासाचा फरक बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहा.

आता उमेदवारांना बोलवायचं का. बोलवा, पण सगळ्यांना एकच पत्र, एकच दिवस, सारखा वेळ, आणि पत्राची प्रत बोर्डावर लावा. कोणी आलं नाही तर त्याची खुर्ची रिकामी ठेवा, नावाची पाटी तशीच राहू द्या. आचारसंहिता असते, त्यामुळे सभेची परवानगी कोणाची लागते ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या ऑफिसात आधी विचारून घ्या, आणि मतदान संपायच्या आधीच्या ४८ तासांत काहीही नको. मला विचाराल तर त्या भाषणांपेक्षा प्रत्येक उमेदवाराचं शपथपत्र जास्त बोलतं. ते आयोगाच्या साइटवर असतं, किती केसेस, कुठली कलमं, किती मालमत्ता, सरकारी थकबाकी किती, शिक्षण काय, सगळं. प्रिंट काढून फाइल करा आणि ऑफिसात ठेवा, ज्याला वाचायचंय तो वाचेल. त्यावर तुमची टिप्पणी नको, पिवळा मार्करसुद्धा नको. आणि सोसायटीचा रस्ता, टँकर, पेंटिंग असलं काही देऊ करत कोणी आलं, देतातच, तर कमिटीने लेखी नाही म्हणायचं. आचारसंहिता भंगाच्या तक्रारीसाठी असलेल्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर तक्रार करायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण पेंटिंग घेतलंत तर तुमच्या चौघांच्या शब्दाला पुढच्या वेळी कोणी किंमत देणार नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी एक कागद घेऊन बसा, ज्यांची नावं सापडली नाहीत त्यांची यादी करा आणि त्याच आठवड्यात सहा आणि आठ नंबर भरून टाका, बीएलओ तेव्हा मोकळे असतात. अडलं तर विचारा, फॉर्मचा स्क्रीनशॉट मात्र आधार नंबर झाकून टाका.